पोस्टकार्डातलं कोल्हापूर: जुन्या शाळा-कॉलेजांच्या कार्डांवर तुमचे प्रश्न

मागच्या अंकात राजाराम कॉलेजच्या एका जुन्या पिक्चर पोस्टकार्डाबद्दल चार ओळी लिहिल्या होत्या, त्यावर पिशवीभर पत्रं आली. कुणी कार्डाचा फोटो व्हॉट्सॲप केला, कुणी झेरॉक्स पाठवली, आणि उत्तरेश्वर पेठेतल्या एका आजोबांनी तर मूळ कार्डच साध्या पाकिटात घालून धाडलं. आजोबा, कार्ड सुखरूप आहे, स्पीड पोस्टानं परत येतंय, पण परत असं मूळ कार्ड कुणालाच पाठवू नका, मलासुद्धा. मी आयुष्यभर पोस्टातच नोकरी केलेला माणूस, टपालावर माझा जीव आहे, तरी सांगतो की असली चीज घरातनं बाहेर काढायची नाही. सगळ्यांच्या प्रश्नांना जागा पुरणार नाही म्हणून सारखे प्रश्न एकत्र केलेत.

प्रश्न: आजोबांच्या ट्रंकेत एक कार्ड सापडलं. समोर दगडी इमारत आहे, खाली इंग्रजीत "हायस्कूल, कोल्हापूर" एवढंच छापलंय. मागं जांभळ्या पेन्सिलीनं काहीतरी लिहिलंय, ते वाचताच येत नाही. सर, हे किती जुनं असेल आणि साल कसं काढायचं?
*एक वाचक भगिनी, शिवाजी पेठ*

ताई, आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा. पोस्टकार्डाला एक साल नसतं, तीन असतात. फोटो कधी काढला ते एक, कार्ड कधी छापलं ते दुसरं आणि कार्ड टपालात कधी पडलं ते तिसरं. छापणारे लोक एकच ब्लॉक, म्हणजे छपाईचा ठसा, वर्षानुवर्षं वापरायचे आणि दुकानदाराकडं गठ्ठा पडून राहायचा, त्यामुळं फोटो एका पिढीचा आणि शिक्का दुसऱ्या पिढीचा असं अगदी सर्रास सापडतं. बरेच जण शिक्क्यावरचं साल बघतात आणि इमारतीचा फोटोही त्याच सालचा म्हणून फेसबुकवर टाकून मोकळे होतात, ते चूक आहे.

आता तुमच्या कार्डावर "हायस्कूल" छापलंय त्यावरनं काही ठरत नाही. कोल्हापूर हायस्कूल म्हणून जी शाळा होती तिच्यातनंच १८८० ला राजाराम कॉलेज उभं राहिलं, आणि शाळा न् कॉलेज भवानी मंडपाला लागून असलेल्या त्याच जागेत नांदत होते. म्हणून एकाच इमारतीच्या कार्डावर एक छापणारा हायस्कूल लिहितो, दुसरा कॉलेज लिहितो, दोघंही बरोबर. गोपाळ कृष्ण गोखले याच शाळेत शिकले, हे तुमच्या घरातल्या पोरांना जरूर सांगा. आणि अजून एक सांगतो, मला त्याचं फार अप्रूप वाटतं, आपल्या देशात सरकारी पोस्टकार्ड आलं १ जुलै १८७९ ला, पाव आण्याला, म्हणजे जुन्या एका पैशाला, आणि पुढच्याच वर्षी कोल्हापुरात कॉलेज आलं. खेड्यातनं शिकायला आलेल्या पोराला घरी खुशाली कळवायला एका पैशाचं साधन मिळालं ते नेमकं त्याच वेळी. चित्र असलेली कार्डं मात्र नंतरची, ती आपल्याकडं १८९० नंतरच दिसायला लागतात.

आता कार्ड उलटं करा. मागच्या बाजूला मधोमध उभी रेघ आहे का बघा. सुरुवातीच्या कार्डांना ती रेघच नसायची, मागं फक्त पत्ता लिहायचा आणि मजकूर पुढं चित्राच्या कडेला जिथं जागा मिळेल तिथं कोंबायचा, असा नियमच होता. ब्रिटननं १९०२ ला मधली रेघ चालू केली, जर्मनीनं १९०५ ला, अमेरिकेनं १९०७ ला. आपल्याकडची बरीच कार्डं छापून यायची ती जर्मनीतनं, कोपऱ्यात बारीक अक्षरात "सॅक्सनी" किंवा "जर्मनी" असं छापलेलं सापडेल, आणि तसं असलं तर कार्ड बहुतेक करून १९१४ च्या आधीचं, कारण लढाई पेटली आणि तो माल यायचा थांबला.

तिकीट शाबूत असेल तर काम सोपं. दाढीवाला, टक्कल असलेला राजा म्हणजे सातवा एडवर्ड, १९०२ पासून १९११ पर्यंत. मुकुट घातलेला दाढीवाला पंचम जॉर्ज, १९११ पासून पुढं. बिनदाढीचा सहावा जॉर्ज, १९३७ पासून. तिकिटाची किंमतही वाचा. देशातल्या देशात पाव आणा दर होता तो १९२२ ला अर्धा आणा झाला. आपल्या कोल्हापूर संस्थानाचं स्वतःचं टपाल तिकीट कधीच नव्हतं, कोर्ट फीची तिकिटं होती, पण टपालावर ब्रिटिश हिंदुस्थानचंच तिकीट चालायचं, त्यामुळं ही खूण इथं पक्की लागू पडते. शिक्के बहुधा दोन असतात, एक टाकल्याचा आणि एक बटवड्याचा. दोन्ही वाचायचा प्रयत्न करा, एक पुसट असला तर दुसरा कामाला येतो.

आणि ती जांभळी पेन्सिल. तिला कॉपिंग पेन्सिल म्हणतात, कोरडी असताना करडी दिसते आणि पाणी लागलं की जांभळा रंग उसळतो न् पसरतो. तेव्हा ओलं फडकं, थुंकी, काही म्हणजे काही लावू नका. वाचता येत नाही म्हणालात, तर अक्षरं सगळी वर एका रेघेला टांगल्यासारखी आणि एकमेकांत गुंतलेली आहेत का बघा. तसं असेल तर ते मोडी आहे. त्या काळचे बरेच लोक हातानं लिहिताना मोडी लिहायचे. कोल्हापूरच्या पुराभिलेखागारात करवीर दरबारची मोडी दप्तरं आहेत आणि शहरात मोडी वाचणारी जाणती माणसं अजून आहेत, त्यांना कार्डाचा चांगला फोटो दाखवा.

प्रश्न: जुन्या बाजारात एकानं "राजाराम कॉलेज" म्हणून कार्ड विकलं. उतरतं छप्पर, दोन बाजूंला दोन टोकदार मनोरे, पुढं बाग. घरी आल्यावर शंका आली. फसलो का?
*एक वाचक, कसबा बावडा*

तुम्ही सांगताय ते टाऊन हॉल आहे दादा. रोज सीपीआर हॉस्पिटलला जाताना समोर दिसतं तेच, ज्यात आता म्युझियम आहे. हे कार्ड कॉलेज म्हणून खपवणारे बरेच आहेत, मुद्दाम नव्हे, त्यांनाही माहीत नसतं. गोंधळ होण्याचं कारण असं की कोल्हापूरचं हायस्कूल, टाऊन हॉल, सीपीआर म्हणजे तेव्हाचं आल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटल आणि न्यू पॅलेस, या सगळ्यांचा आराखडा एकाच माणसाचा, मेजर चार्ल्स मँट. टाऊन हॉल १८७२ ते १८७६ मध्ये बांधला. एकाच हाताची वळणं असल्यामुळं बारक्या काळ्या-पांढऱ्या चित्रात एक झाकावं न् दुसरं काढावं. कार्ड टाकून देऊ नका, टाऊन हॉलचं जुनं कार्ड हेही चांगलंच आहे, फक्त अल्बममध्ये नाव बरोबर लिहा.

प्रश्न: मुलगा इटलीत नोकरीला आहे, त्यानं फ्लॉरेन्सच्या जुन्या बाजारातनं एक कार्ड आणलं. त्यावर छत्री, म्हणजे समाधीवर बांधतात तसला घुमटीचा मंडप, आणि आत फेटेवाल्या माणसाचा अर्धपुतळा आहे. विकणारा म्हणाला "इंडियन प्रिन्स". याचा कोल्हापूरशी काही संबंध आहे का?
*एक वाचक, ताराबाई पार्क*

काका, हा प्रश्न वाचून मी खुर्चीवरनं उठलोच. संबंध म्हणजे, ज्यांच्या नावानं राजाराम कॉलेज आहे तेच हे! दुसरे राजाराम महाराज १८७० ला विलायतेला गेले, परत येताना फ्लॉरेन्समध्ये आजारी पडले आणि ३० नोव्हेंबर १८७० ला तिथंच वारले. वय जेमतेम वीस. आर्नो नदीच्या काठावर, जिथं दुसरी छोटी नदी येऊन मिळते तिथं, आपल्या रिवाजाप्रमाणं त्यांना अग्नी दिला, आणि त्या जागेवर १८७४ ला ही छत्री उभी राहिली. आता गंमत बघा, त्या छत्रीचा आराखडासुद्धा मेजर मँटचाच. म्हणजे कोल्हापुरात ज्यानं शाळा बांधली त्यानंच तिकडं समाधी बांधली. फ्लॉरेन्सचे लोक त्या जागेला "इंदियानो" म्हणतात, जवळच्या पुलालाही तेच नाव दिलंय, आणि इटलीत या छत्रीची पोस्टकार्डं खूप छापली गेली. माझं स्पष्ट मत आहे की कोल्हापूरच्या शाळा-कॉलेजांच्या अल्बममध्ये पहिलं पान या इटालियन कार्डाचं पाहिजे. मुलाला सांगा, अजून मिळाली तर आणि आण, आणि इथल्या कॉलेजच्या लायब्ररीला एक द्या.

प्रश्न: आमचे पणजोबा मराठा बोर्डिंगात राहून शिकले. राजवाड्याची, रंकाळ्याची, कॉलेजची कार्डं दिसतात पण बोर्डिंगांची कुठंच दिसत नाहीत. छापलीच नव्हती का?
*एक वाचक, कागल*

या प्रश्नाची मी वाटच बघत होतो. कोल्हापूरच्या शिक्षणाचं खरं नवल कशात असेल तर बोर्डिंगांत आहे आणि नेमकं तेच कार्डावर नाही. पिक्चर पोस्टकार्ड हा धंदा होता, विकत घेणारा बहुतेक साहेब किंवा प्रवासी, त्याला पाहिजे मनोरा, तळं, हत्ती, राजवाडा. चार खोल्या, एक पडवी, मागं चूल, त्याचं कार्ड कोण घेणार? निदान मी एवढ्या वर्षांत बोर्डिंगचं छापील कार्ड हातात धरलेलं नाही.

आणि बोर्डिंगं काय थोडी होती? शाहू महाराजांनी आधी सगळ्या जातींच्या मुलांना मिळून एकच वसतिगृह करून बघितलं होतं, पण त्यात बहुजनांच्या पोरांना आत शिरायलाच मिळेना, मग त्यांनी दुसरी वाट धरली. १९०१ ला व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग, त्याच साली दिगंबर जैन बोर्डिंग, १९०६ ला मोहामेडन बोर्डिंग, १९०७ ला लिंगायत बोर्डिंग, १९०८ ला अस्पृश्य मानलेल्या मुलांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग, ज्याला मुंबईच्या गव्हर्नरच्या मुलीचं नाव दिलं, नामदेव बोर्डिंग, दैवज्ञ बोर्डिंग, आणि १९२० ला प्रिन्स शिवाजी मराठा बोर्डिंग, जे महाराजांचा धाकटा मुलगा शिकारीत गेला त्याच्या नावाचं. दसरा चौकात उभं राहून चारी बाजूंनी मान फिरवली तर आजही त्यातल्या इमारती दिसतात. कर्मवीर भाऊराव पाटील जैन बोर्डिंगात राहिले आणि राजाराम हायस्कूलात शिकले, पुढं त्यांनी साताऱ्याकडं जे बोर्डिंगचं रान उठवलं त्याचं बी इथलं आहे. सक्तीच्या न् मोफत प्राथमिक शिक्षणाचा हुकूम १९१७ चा, पण तालुक्याच्या गावातनं पुढं शिकायला यायचं तर राहायचं कुठं आणि जेवायचं कुठं हा प्रश्न या बोर्डिंगांनीच सोडवला.

मग कार्ड शोधायचं कुठं? छापील नाही, फोटो-कार्ड शोधा. त्या काळात फोटोग्राफर ग्रुप फोटो काढायचा आणि तो सरळ पोस्टकार्डाच्या ब्रोमाइड कागदावरच धुवून द्यायचा, मागं पत्त्याची जागा छापलेली असायची. अशी प्रत दहा-वीसच निघायची, प्रत्येक पोराकडं एक, आणि ती दुकानात कधी आलीच नाही, थेट गावाकडं गेली. म्हणजे ती असणार तुमच्याच कागलात, भुदरगडात, गडहिंग्लजला, कुणाच्या तरी माळ्यावर, देवाच्या फोटोमागं खोचलेली.

माझ्याकडं असलं एकच आहे, रद्दीत मिळालेलं. दगडी पायऱ्यांवर चौदा पोरं, पुढची मांडी घालून, मागची उभी. कुणाला फेटा, कुणाला टोपी, एकाचा कोट उघड उघड दुसऱ्याचा आहे, बाह्या बोटांपर्यंत आल्यात. कडेचा एक जण फोटो काढताना हलला म्हणून त्याचं तोंड पुसट. मागं बाळबोध अक्षरात लिहिलंय, "मागल्या रांगेत डावीकडून तिसरा मी. कोट नवा नाही, मागून घेतला आहे, काळजी नसावी." पंचम जॉर्जचं अर्ध्या आण्याचं तिकीट, म्हणजे १९२२ च्या नंतरचं. कुठलं बोर्डिंग ते लिहिलेलं नाही. वाचकांपैकी कुणाला पायऱ्या ओळखता आल्या तर मला पाहिजेच आहे.

तेव्हा बोर्डिंग कार्डाच्या पुढच्या बाजूला शोधू नका, मागच्या बाजूला शोधा. कॉलेजचं छापील कार्ड घेऊन घरी लिहिणारा पोरगा बोर्डिंगातलाच असायचा.

प्रश्न: पणजोबांची सात कार्डं खराब होऊ नयेत म्हणून लॅमिनेट करून घेतली. आता वाचतोय की चूक झाली. काढता येईल का?
*एक वाचक, राजारामपुरी*

काढायच्या नादाला लागू नका. इस्त्री, हेअर ड्रायर, रॉकेल असले उपाय कुणी सांगेल, त्यानं कागदाचा वरचा पापुद्राच निघून येतो. जशी आहेत तशी दोन्ही बाजूंनी ६०० डीपीआयला स्कॅन करा आणि सावलीत ठेवा. मला तुमचं दुःख समजतं, कारण एका फ्रेमवाल्याला मी एक कार्ड काचेत बसवायला दिलं होतं, त्यानं फ्रेमच्या मापात बसावं म्हणून कडा कापल्या आणि मागं पुठ्ठ्याला डिंकानं चिकटवलं. पुढचं चित्र आहे, मागचा मजकूर कायमचा गेला. त्यात काय लिहिलं होतं ते मी नीट वाचलंही नव्हतं, ते अजून टोचतं.

बाकीच्यांसाठी थोडक्यात. जाड चिकट वासाच्या प्लॅस्टिक पाकिटात, म्हणजे पीव्हीसीत, कार्ड घालू नका, त्यातनं आम्ल सुटतं. पॉलीप्रोपिलीन किंवा पॉलिस्टरची पाकिटं मागून घ्या. सेलोटेप नको, स्टेपल नको, रबरबँड नको. नाव-गाव लिहायचं तर मऊ शिसपेन्सिलीनं, कडेला, हलक्या हातानं. आपल्याकडं खरा वैरी पाऊस. जून ते सप्टेंबर कागद दमट होतो न् कसर लागते, म्हणून लोखंडी कपाटात, भिंतीला न टेकवता, सिलिका जेलची पुडी घालून ठेवा, डांबरगोळी ठेवली तर कार्डाला चिकटून नको. आणि दसऱ्याला घर काढता तेव्हा अल्बमही काढा, पानं उघडून घरातच पंख्याच्या वाऱ्यावर ठेवा, उन्हात नाही.

प्रश्न: २०१९ च्या महापुरात आमचा खालचा मजला बुडाला. आजीची कार्डं, शाळेचे फोटो, सगळा गठ्ठा चिकटून विटेसारखा झालाय. टाकवत नाही. काही होईल का?
*एक वाचक भगिनी, शाहूपुरी*

ताई, बरं केलंत टाकला नाहीत. सुरीनं, पट्टीनं वेगळं करू नका. आधी गठ्ठ्याचा चारी बाजूंनी फोटो काढून ठेवा, कडेला जे दिसतंय तेही. मग बघा आत काय आहे. नुसते ब्रोमाइड फोटो असतील आणि शाईचं काही नसेल तर त्यांचा थर जिलेटिनचा असतो, तो गार स्वच्छ पाण्यात फुगून सुटतो, तेव्हा ज्याचं मोल कमी आहे असा एक फोटो घेऊन डिस्टिल्ड वॉटरमध्ये भिजवून बघता येतो, सुटला तर चित्र वर करून टिपकागदावर वाळवायचा. पण हातानं लिहिलेली कार्डं असतील तर पाणी अजिबात नाही, शाई आणि ती जांभळी पेन्सिल दोन्ही वाहून जातील. तसला गठ्ठा जाणकाराकडंच न्यावा लागेल. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात कागद-चित्रं दुरुस्त करणारं स्वतंत्र केंद्र आहे, तिथं फोन करून विचारा.

पुढच्या वेळी, म्हणजे येऊच नये, पण पंचगंगेनं इशारा पातळी गाठली की आपण गॅस सिलिंडर न् धान्य वर नेतो त्याबरोबर हा डबाही वर न्यायचा. आणि भिजलंच तर चोवीस तासांच्या आत प्लॅस्टिक पिशवीत घालून फ्रीझरमध्ये ठेवायचं, त्यानं बुरशी थांबते आणि सवडीनं वेगळं करायला वेळ मिळतो.

प्रश्न: ऑनलाइन घेतलेलं कार्ड खरं जुनं की नवीन छापलेलं, कसं ओळखू?
*एक वाचक, इचलकरंजी*

भिंग घ्या. सगळीकडं रंगीत ठिपक्यांची फुलं दिसली तर आताच्या ऑफसेटची छपाई. काळ्या एकाच रंगाचे ओळीत ठिपके असतील तर जुना हाफटोन ब्लॉक असू शकतो, ठिपकेच नसून बारीक सुरकुत्यांसारखं दाणेदार असेल तर कोलोटाइप, म्हणजे जुन्या काळची एक छपाई, आणि काहीच नसून सलग छटा असेल तर खरा फोटो. मग नोटा तपासायचा निळा यूव्ही दिवा अंधारात कार्डावर मारा, नवीन कागद पांढरा-निळा झगमगतो, १९५० च्या आधीचा कागद मंद राहतो. माप बघा, जुनं कार्ड साधारण साडेतीन बाय साडेपाच इंच. मोठं असलं तर शंका घ्या.

प्रश्न: कॉलेजच्या प्रोजेक्टला "तेव्हा आणि आता" असं फोटोप्रदर्शन करायचंय, जुनं कार्ड आणि शेजारी आजचा फोटो. काय काळजी घ्यावी? जुनी कार्डं छापायला परवानगी लागते का?
*एक विद्यार्थिनी, विद्यानगर*

पोरी, छान विषय घेतलास. परवानगीचं म्हणशील तर शंभर वर्षांपूर्वीच्या छापील कार्डाला सहसा कॉपीराइटची आडकाठी नाही, पण ज्याच्या घरातनं कार्ड आलं त्याला विचारायचं आणि फलकावर त्याचे आभार लिहायचे, ही माणुसकी.

काळजी जागेची घे. आजचं राजाराम कॉलेज तुझ्या शेजारी, विद्यापीठाजवळच्या माळावर आहे, पण जुन्या कार्डातलं राजाराम कॉलेज तिथं नाही, ते भवानी मंडपाजवळ, जिथं आता मेन राजाराम हायस्कूल आहे. गेल्या वर्षी एका प्रदर्शनात दोन वेगवेगळ्या जागा शेजारी शेजारी लावून "बघा किती बदल झाला" असं लिहिलेलं मी बघितलंय. ना. सी. फडके तत्त्वज्ञान शिकवायचे, माधव जूलियन फारसी शिकवायचे, आ. ने. उपाध्ये अर्धमागधी शिकवायचे, ते कॉलेज मंडपाजवळचं. फलकावर हे लिहिलंस तर बघणारा दोन मिनिटं थांबेल.

फोटो काढताना कार्डात सावली कुठल्या बाजूला पडलीय ते बघ, त्यावरनं सकाळ की दुपार कळतं, त्याच वेळी जा. मग कार्डातल्या दोन गोष्टी एकमेकींवर कशा येतात ते धर, म्हणजे खांबाची कड मागच्या खिडकीला कुठं कापते, आणि आजच्या इमारतीसमोर मागं-पुढं सरकत ती कड तशीच जुळवून घे. जुळली की तू शंभर वर्षांपूर्वीच्या फोटोग्राफरच्या पायाच्या जागेवर उभी आहेस. मोबाइलची वाइड लेन्स लावू नको, इमारत वाकते. शिवाजी विद्यापीठाचीही कार्डं लाव, स्थापना १९६२ ची म्हणजे ती बहुतेक रंगीत असतील, पण त्यांनाही साठ वर्षं होत आली आणि ती कुणी जपत नाही.

प्रश्न: पोस्टकार्डं काढणारा कुणी कोल्हापूरचा चित्रकार होता का?
*एक वाचक, मंगळवार पेठ*

होता की! महादेव विश्वनाथ धुरंधर. जन्म १८६७ चा, कोल्हापूरचा, शिक्षण राजाराम हायस्कूलात, पुढं मुंबईच्या जे. जे. स्कूलमध्ये गेले आणि तिथंच शिकवायला लागले. मुंबईच्या रस्त्यावरची माणसं, फेरीवाले, बायका-बाप्ये यांची त्यांनी काढलेली पोस्टकार्डं जगभर गेली आणि आज जमवणारे ती डोळ्यात तेल घालून शोधतात. शाळेची कार्डं त्यांनी काढलेली नसली तरी शाळेतल्या पोरानं काढलेली कार्डं म्हणून मी ती माझ्या अल्बममध्ये ठेवलीत.

प्रश्न: लहानपणी तिकिटं जमवायच्या नादात आजोबांच्या सगळ्या कार्डांची तिकिटं मी कात्रीनं कापून घेतली. आता कार्डांना कोपऱ्यात भोकं आहेत, शिक्केही गेले. आता वय ६८. ही कार्डं कुणाच्या काही उपयोगाची आहेत का?
*एक वाचक, गंगावेश*

आहेत, काका. विकायला गेलात तर भाव कमी येईल एवढंच. कापलेली तिकिटं अजून वहीत असतील तर त्यांच्या कडा कार्डाच्या भोकाशी जुळवून बघा, शिक्क्याचा अर्धा तुकडा तिकिटावर आणि अर्धा कार्डावर असतो, कितीतरी वेळा जोडी लागते. जुळली तर चिकटवू नका, एकाच पाकिटात ठेवा.

आणि नाही जुळली तर मजकूर वाचा, सावकाश, रोज एक. माझ्याकडं असंच कोपरा कापलेलं एक कार्ड आहे. पुढं राजाराम कॉलेज, छपाई पुसट, तसली कार्डं ढीगभर मिळतात. तिकीट नाही, शिक्का नाही, आणि लिहिणाऱ्यानं तारीखही घातलेली नाही. दहा वर्षं ते माझ्याकडं नुसतं पडून होतं, मोडी वाचणाऱ्या एका बाईंनी ते मला वाचून दाखवलं तेव्हा कळलं. पाचच ओळी आहेत. परीक्षेचा पेपर बरा गेला, पायताण तुटलंय, येताना गूळ आणू का, आणि मग, "महाराज मुंबईस वारले. बोर्डिंगात काल चूल पेटली नाही. मुले दारात बसून आहेत." शाहू महाराज मुंबईत गेले ते ६ मे १९२२ ला. म्हणजे कार्ड त्याच आठवड्यातलं.